सर्व्हर जळगावात असता तर केळीभावाचे ॲप बंद पडले नसते?

तापीकाठ: काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, देशोदेशी विखुरलेली क्लाउड डेटा सेंटरे (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या इमारती) ही कंपन्यांची चैन आहे आणि सर्व्हर जळगावात असता तर ऐन कापणीत ॲप बंद पडले नसते. मला हे मुळीच पटत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबई-जळगाव अशी डेटाच्या जाण्या-येण्याची एक फेरी व्हायला पाचेक मिलिसेकंद पुरतात. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या फेरीला २०० च्या आसपास लागतात आणि एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. २०१६ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड केंद्रे मुंबईत आली, तेव्हा हाच वेळ वाचला. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती, त्यांतील अनेकांचा डेटा कायमचा गेला. जळगावातील एकाच इमारतीवर विसंबायचे कशाच्या भरवशावर?

रावेरकर: भाऊ, मिलिसेकंद मोजण्याआधी आमच्या बांधावर या. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, ॲपवर बोर्डाचा (केळीचा जाहीर होणारा) भाव दिसेना, कापलेले घड बांधावर पडून राहिले आणि व्यापारी म्हणेल त्या दरात माल द्यावा लागला. मुंबईत तीन प्रती असोत, आमच्यापर्यंत येणारी तार एकच आहे!

धुळेकर अभियंता: खोदण्यापूर्वी केबलमालकाला कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणले. आमच्याकडचे ठेकेदार ते उघडतसुद्धा नाहीत, आणि तार जोडायला माणूस येईपर्यंत अख्खा पट्टा मुका होतो. त्यांच्याकडून दंड वसूल झालाच पाहिजे.

सावद्याची ताई: दंडाचे नंतर पाहू. २० ऑक्टोबर २०२५ रोजी व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटा साठवणाऱ्या सेवेची डीएनएस नोंद (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) बिघडली आणि देशोदेशीची ॲपे कोलमडली. मग एवढ्या विखुरलेल्या केंद्रांनी काय साधले?

तापीकाठ: ताई, कोलमडली ती प्रामुख्याने व्हर्जिनियाच्या त्या एका प्रदेशावर, म्हणजे तेथील केंद्रांच्या समूहावर, विसंबलेली ॲपे. दुसऱ्या प्रदेशात केंद्र असले म्हणून प्रत आपोआप तेथे जात नाही. ती ठेवावी लागते, तिचे पैसे मोजावे लागतात आणि एक केंद्र बंद पडल्यास दुसरीकडे वळण्याची तालीम आधी करावी लागते. ज्यांनी हा खर्च टाळला, त्यांच्या चुकीचे खापर व्यवस्थेवर फोडू नका.

रावेरकर: मुंबईपर्यंतचे तुमचे म्हणणे मान्य करतो, त्यापुढचे नाही. तार तुटली तरी शेवटचा भाव वेळेसकट फोनमध्ये राहावा आणि नोंदवलेला सौदा रेंज आल्यावर पुढे जावा, एवढे तरी ॲपवाल्यांकडून करून घ्या.