शब्दचर्चा: 'विचारप्रक्रिया', 'मुद्रा' की 'थबकणे'? पात्र विचार करतंय हे मराठीत कसं सांगायचं

रेघोटी (नागपूर)
हाताने काढायच्या अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या सत्रासाठी मराठी टिपण तयार होतंय. त्यातल्या एका वाक्यावर गाडी अडली आहे.

सराव असा: सीताबर्डीच्या फुटपाथवर संत्री विकणारी आजी. पोरगा पैसे देतो, पिशवी घेतो आणि वर आणखी एक संत्रं मागत हात पुढे करतो. आजी ठरवते, मग देते. संवाद नाही. शॉट ५ सेकंदांचा, सेकंदाला २४ प्रमाणे १२० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं, म्हणजे लागोपाठ दोनदा दाखवलं, तर ६० चित्रं.

मूळ इंग्रजी सूचनेचा आशय: हात हलण्याआधी विचार दिसला पाहिजे, आणि त्या विचारातून बाई कशी आहे ते कळलं पाहिजे. मसुद्यातलं मराठी: 'कृतीपूर्वी पात्राची विचारप्रक्रिया व व्यक्तिमत्त्व प्रकट व्हावे.' हे वाचून विद्यार्थी हमखास बोट हनुवटीवर ठेवतात, डोकं खाजवतात, नजर आभाळाकडे लावतात. सगळ्यांच्या आज्या एकसारख्या. एका तपासनिसांनी 'विचारमुद्रा' सुचवलं. दुसऱ्यांनी ते खोडलं, मुद्रा हाताची असते म्हणून.

प्रश्न दोन. टिपणाच्या इंग्रजी-मराठी शब्दसूचीत 'विचारप्रक्रिया'ला शब्द कोणता? आणि 'व्यक्तिमत्त्व' ठेवायचं की 'स्वभाव'?

गद्यप्रिय (पुणे)
मुद्रा फक्त हाताची, हे चूक. ते नृत्याच्या आणि योगाच्या वर्गातलं मराठी झालं. आपल्याकडे 'चिंतातुर मुद्रा', 'प्रसन्न मुद्रा', 'मुखमुद्रा' हे सगळं चेहऱ्याचं आहे, आणि 'मुद्राभिनय' म्हटल्यावर कोणी हाताकडे पाहत नाही. मूळ अर्थ ठसा, शिक्का. मनाचा चेहऱ्यावर उमटलेला ठसा ती मुद्रा. विचारमुद्रा उत्तम शब्द आहे.

काळीशाई (महाल, नागपूर)
शब्द मराठी आहे, मान्य. पण ठसा उमटला की काम संपलं, आणि नेमकी तिथेच गफलत होते. विचार एका चित्रात नसतो, दोन चित्रांच्या मध्ये असतो. आजीचा एक चेहरा, मग दुसरा चेहरा, आणि पहिल्याचा दुसरा का झाला ते बघणाऱ्याला कळलं, तरच ती विचार करतेय असं वाटतं. 'मुद्रा' शब्द दिला की विद्यार्थी एकच छान चेहरा काढून तोच २४ फ्रेम धरून ठेवतो.

चेहरा बदलायचा तो अंग स्थिर असताना. मान झपकन वळतेय आणि त्याच फ्रेममध्ये भुवयाही बदलल्या, तर भुवया कोणालाच दिसत नाहीत. वळण्याआधी बदला नाहीतर वळून झाल्यावर. पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त शॉट इथेच वाया जातात.

झाडीकर (देसाईगंज)
भाऊ, नाम शोधून काऊन राहिले? मराठीत हे सगळं क्रियापदात आहे. थबकणे, दचकणे, चपापणे, घुटमळणे, कचरणे, बावरणे, वरमणे, ओशाळणे. एकेका शब्दात मनही आहे अन् अंगही आहे. 'आजी विचार करते' असं सांगाल तर पोट्टे डोकं खाजवतीलच. 'आजी घुटमळते' म्हणा, कोणी हनुवटीले हात लावणार नाही. झाडीपट्टीच्या नाटकात शेवटच्या माणसाला चेहरा कुठून दिसते? तिथं नट अंगानंच घुटमळते.

रेघोटी
हे टिपणात कामाचं आहे. यातली काही क्रियापदं फ्रेममध्ये मोजून पाहू, आकडे २४ च्या गतीचे, अंदाजाचे.

दचकणे: पूर्वतयारी नाहीच. १ ते ३ फ्रेममध्ये अंग वर उडतं, मग ८-१० फ्रेम उतरायला. विचार उतरताना येतो, आधी नाही. दचकण्याआधी मागे झुकणं काढलं तर पात्राला धक्का माहीत होता असं दिसतं.

थबकणे: अंग ४-५ फ्रेममध्ये थांबतं, पण पदराचं टोक, झुमका, हातातली पिशवी आणखी ६-८ फ्रेम पुढे जाऊन परत येतात. सगळं एकाच फ्रेमला थांबलं तर ते थबकणं नसून फिल्म अडकल्यासारखं दिसतं.

चपापणे: अंग जागच्या जागी गोठतं आणि फक्त बुबुळं हलतात. २ फ्रेममध्ये बाजूला, ६-८ फ्रेम तिथे, २ फ्रेममध्ये परत. मान हलवली की चपापणं गेलं, नुसतं इकडेतिकडे पाहणं उरतं.

घुटमळणे: याला वेळ लागतो, ४० फ्रेमच्या आत जमत नाही. वजन एका पायावरून दुसऱ्यावर, नजर जायच्या दिशेला, पाय उलट. आजी बसलेली आहे, त्यामुळे तिच्याबाबतीत हे हाताने: बोटं एका संत्र्यावरून दुसऱ्यावर.

शब्दमूळ (अमरावती)
थबकणे हे स्तब्धचंच घरगुती रूप दिसतं. स्तब्ध, थब्ब, थबक. म्हणजे शास्त्री लोकांनाही शब्द आवडायला हरकत नाही.

गद्यप्रिय
ऐकायला गोड आहे, पण स्तब्धचं पाली-प्राकृत रूप 'थद्ध' होतं. त्यातून 'थबक' काढायला मधला पूल लागतो, तो दाखवा. दचक, थबक, चमक, सरक या घरातला शब्द असेल, नादावरून आलेला. आणि महत्त्वाचं म्हणजे शब्दसूचीत क्रियापदांची यादी घालता येत नाही. इंग्रजी नामासमोर मराठी नाम लागतं.

शब्दमूळ
दचकमध्ये नाद आहे, हे पटतं. थबकण्यात कसला नाद? थांबण्याला आवाज नसतो.

दृश्यश्राव्य (सोलापूर)
जुन्या शास्त्रात हे सगळं मांडून ठेवलेलं असताना नवे शब्द कशाला? नाट्यशास्त्रात स्थायी, म्हणजे टिकून राहणारे भाव ८ आणि व्यभिचारी किंवा संचारी, म्हणजे येऊन जाणारे भाव ३३. शंका, व्रीडा, वितर्क, मती, चिंता, चपलता, सगळे त्यात आहेत. स्वभावाला स्थायी आणि विचाराला संचारी म्हणा, दोन्ही प्रश्न सुटले. अभिनयदर्पण या नृत्याच्या जुन्या ग्रंथात तर क्रमही दिला आहे: जिकडे हात तिकडे दृष्टी, जिकडे दृष्टी तिकडे मन.

काळीशाई
दोन्हींवर हरकत आहे.

स्थायी भाव म्हणजे स्वभाव नव्हे. रती, शोक, क्रोध, भय ही कोणाही माणसात जागी होणारी भावना आहे. आजी चिक्कू आहे की मोकळ्या हाताची, हे त्यातून सांगता येत नाही. नाट्यशास्त्राकडूनच घ्यायचं तर धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत ही नायकांची वर्गवारी स्वभावाच्या जवळ जाते, पण फुटपाथवरच्या आजीला ती लावणार कशी?

दुसरं, त्या श्लोकाचा क्रम नर्तकासाठी आहे. प्रेक्षकाचं लक्ष हातावरून मनापर्यंत कसं न्यायचं ते त्यात आहे. चित्रातल्या पात्राचा क्रम उलटा लागतो. आधी बुबुळं, ३-४ फ्रेमनंतर मान, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात. हात आधी निघाला आणि डोळे मागून आले, तर आजीचा हात कोणीतरी दोरीने ओढतंय असं वाटतं. अपवाद दचकण्याचा आणि चटका बसण्याचा. तिथे अंग आधी, मन नंतर.

३३ मधला एक मात्र उचलण्यासारखा आहे, अवहित्था. मनातलं लपवणं.

झाडीकर
त्याले मराठीत 'आव आणणे' म्हणतात. द्यायचं तर आहे, पण वरून रागाचा आव. आजीसाठी हेच पाहिजे.

काळीशाई
आव चालेल. तो काढायची रीत अशी: खरा भाव आधी ४-६ फ्रेम दिसू द्या, मग त्यावर आव. आधीचे ते फ्रेम गाळले तर आजी खरोखरच रागावली आहे असा अर्थ होतो. खोटं हसू असेल तर तोंड हसतं, पण खालची पापणी वर चढत नाही आणि गाल डोळ्याला टेकत नाही. खरं हसू खालच्या पापणीतच असतं.

मारबतचौक (इतवारी)
सगळे विचारावर बोलताहेत, स्वभावाचा प्रश्न राहून गेला. स्वभाव हालचालीच्या आधी बांध्यात बसवावा लागतो. आपल्या नागपुरातली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक बघा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. मारबत ना पापणी हलवते ना हात, तरी लांबून गर्दीतही कोणती कोणती ते कळतं, आणि धाकही वाटतो. बडग्या, म्हणजे सोबतचा पुरुषी पुतळा, दरवर्षी नव्या विषयाचा असतो. तरी तो लबाड आहे की लोभी, हे पोटाच्या घेरावरून आणि मान खांद्यात किती रुतवली यावरून पाटी वाचण्याआधी समजतं. हे काम आकाराचं आहे. त्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हणू नका. त्या शब्दावर व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांनी इतका लेप चढवला आहे की वाचताच टायवाला माणूस समोर येतो.

आजीचं चित्र आधी काळ्या रंगाने भरून बघा. आतली एकही रेघ नको, नुसती बाह्याकृती, उंची २ सेंटीमीटर. त्यात हात टोपलीकडे झुकलेला दिसला पाहिजे. हात पोटासमोर असेल तर काळ्यात तो नाहीसा होतो, म्हणून हात अंगाबाहेर काढा. मग डोक्याच्या मापाने उंची ठरवा. खऱ्या मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, चित्रातल्या ठेंगण्या आजीला ३ ते साडेतीन पुरतात. डोकं मोठं केलं की डोळ्यांना जागा मिळते, आणि या शॉटमध्ये डोळ्यांचंच काम आहे. पण हात त्या प्रमाणात आखूड झाले तर टोपलीच्या तळापर्यंत पोचणार नाहीत. ते मॉडेल शीटवरच, म्हणजे पात्राची मापं ठरवणाऱ्या नमुना-चित्रावरच तपासा, शॉट सुरू झाल्यावर नाही.

गद्यप्रिय
मग 'ठेवण' म्हणा. चेहऱ्याची ठेवण, अंगाची ठेवण. आणि सवयीच्या हालचालीला 'लकब'.

शब्दमूळ
लकब अरबी. तिकडे अर्थ किताब, टोपणनाव. माणूस ज्यावरून ओळखला जातो ते. इथे नेमका बसतो.

मारबतचौक
बसतो, पण लकब पात्रावर लादू नये. दर १० फ्रेमला पदर सावरणारी आजी म्हणजे स्वभाव नव्हे. लकब एकदा दाखवायची आणि निर्णयाच्या क्षणी मोडायची. संत्रं देताना पदर सावरायचा राहिला, तर तिथे माणूस दिसतो.

रेघोटी
आतापर्यंतच्या सूचना घालून शॉटची विभागणी केली आहे. फ्रेम १ ते १६: आजी संत्री रचत बसून राहिली, नजर खाली. १७ ला पोराचा हात चौकटीत. २० ला बुबुळं वर, २३ ला मान, वळताना मान किंचित खाली झोल घेते आणि त्यातच पापण्या मिटतात: २ फ्रेम मिटायला, १ मिटलेली, ३ उघडायला. ३२ ते ७०: नजर टोपलीत, पोराकडे, परत टोपलीत. दर मुक्काम १० ते १२ फ्रेम, मधला प्रवास २ फ्रेम. ७१ ते ८०: श्वास, खांदे वर, भुवया जवळ, म्हणजे रागाचा आव. ८१ पासून हात: ६ फ्रेम मागे, ८ फ्रेम पुढे. १०० नंतर पोराच्या तळव्यावर संत्रं आणि नजर पुन्हा खाली.

गद्यप्रिय
'रचत बसून राहिली' म्हणजे काय? रचत बसली होती आणि तशीच बसून राहिली, हललीच नाही? मग १६ फ्रेम स्थिर चित्र धरायचं का?

झाडीकर
आमच्याकडे 'बसून राहिली' म्हणजे आत्ता बसते आहे, क्रिया चालू आहे. 'करून राहिली', 'येऊन राहिली', सगळं चालू.

गद्यप्रिय
प्रमाण मराठीत 'बसून राहिली' म्हणजे बसलेलीच राहिली. दोन्ही अर्थांत चित्रं वेगळी होतात. एकात १६ फ्रेमला ८ चित्रं लागतील, दुसऱ्यात एक. टिपण राज्यभर जाणार असेल तर प्रमाण रूप वापरा.

झाडीकर
टिपण नागपुरात बनून राहिलं, पोट्टे इथलेच. आमचं रूप चूक नाही. 'राहणे' तुमच्याकडे स्थिती दाखवते, आमच्याकडे चालू काम. हिंदीच्या शेजारामुळं आलं म्हणून परकं होत नाही.

शब्दमूळ
हिंदीत 'बैठ रही है' मध्ये नुसता धातू येतो. तुमच्याकडे 'बसून' आहे, म्हणजे शेवटी '-ऊन' लागलेलं रूप. सरळ उचल नाही ती, मराठीने आपल्या साच्यात ओतून घेतलेली आहे.

काळीशाई
एक्सपोजर शीटवर, म्हणजे कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र ते मांडणाऱ्या तक्त्यावर, क्रियापद कोणत्याही काळात लिहू नका. फ्रेमचे आकडे लिहा, चित्रांचे क्रमांक लिहा आणि स्थिर असेल तिथे उभी रेघ ओढा. आणि स्थिर म्हणजे तरी काय, हेही टिपणात सांगा. हाताने काढलेलं एकच चित्र अर्धा सेकंद धरलं तर नजर ते सहन करते. संगणकावरच्या त्रिमितीय पात्रात तेवढाच वेळ सगळं थांबलं की ते लगेच मेलेलं दिसतं. तिथे त्याच दिशेला केसभर सरकत राहणारा जिवंत थांबा लागतो.

गद्यप्रिय
'जिवंत थांबा' चांगला आहे, नोंदवा. पण विचारप्रक्रियेचा रकाना अजून रिकामाच आहे. 'मनोगत' कसा वाटतो? मनात गेलेलं, मनात असलेलं. 'कृतीआधी मनोगत दिसावे.'

मारबतचौक
मनोगत आता पुस्तकाच्या पहिल्या पानावर आणि सत्काराच्या भाषणात अडकला आहे. विद्यार्थी आजीला माईकसमोर उभी करतील.

झाडीकर
रकाना रिकामा राहू द्या, समोर वाक्य लिहा: हात हलायच्या आधी आजीची नजर दोन जागी जाऊन आली पाहिजे. त्यात विचार आला.

गद्यप्रिय
ते या एका आजीचं वाक्य झालं. पुढच्या सरावात बैल असेल तर?

मारबतचौक
बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरून काढला तर नजरेची दिशा वाचता येत नाही, म्हणून त्याचा विचार कानात टाकावा लागतो. एक कान ज्याचं ऐकतोय त्याच्याकडे, दुसरा जायचंय तिकडे. कान डोक्याच्या ४ फ्रेम आधी वळवा. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात त्या लाकडी बैलाला तेही करता येत नाही, तिथे सगळं मानेच्या कोनावर.

शब्दमूळ
कान टवकारणे. हेही पुन्हा क्रियापदच.