बहरीन: निम्म्याहून अधिक वस्ती परदेशी, मग कायम राहण्याचा हक्क कोणाला?

दर्यावर्दी
बहरीनच्या २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १५ लाखांच्या थोडी वर. त्यात नागरिक ७ लाख १२ हजार आणि परदेशी ७ लाख ८९ हजार. २००१ साली नागरिक ६२ टक्के होते, आता ४७ टक्के आहेत. हे आकडे पुढे आले की आपल्यातही "बाहेरच्यांनी देश भरून टाकला" असं बोललं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं.

माझं म्हणणं असं: ज्याने तिथे वीस-पंचवीस वर्षं राबून काढली, त्याला म्हातारपणी तिथेच राहता आलं पाहिजे. नागरिकत्व नको, मतही नको, फक्त कायमचा निवास. आज बहुतेकांचा निवास परवाना नोकरीला जोडलेला आहे. नोकरी संपली की मुक्काम संपला. २०२२ मध्ये गोल्डन रेसिडेन्सी, म्हणजे दीर्घ मुदतीचा निवास परवाना आला, पण नोकरदारासाठी अट काय, तर पाच वर्षं वास्तव्य आणि महिना सरासरी २००० दिनार पगार. नाहीतर मालमत्ता, सुरुवातीला तर २ लाख दिनारांची. राजधानी मनामाचे टॉवर ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी उभे केले, त्यांना हा दरवाजा कधीच उघडणार नाही.

अबोली
कळकळ पोचली, तरी मी विरोधात आहे. बहरीन जेमतेम ७८० चौरस किलोमीटरचा देश. सरकारी घरासाठी तिथल्या नागरिकांनाच वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्यात लाख-दोन लाख माणसं कायमची झाली तर घरं, दवाखाने, पाणी कुठून आणायचं? एकूण लोकसंख्येत जवळपास ६३ टक्के पुरुष आहेत, कारण परदेशी कामगार बायका-मुलांना गावी ठेवून कामापुरते येतात. करार करताना मुदत माहीत असते. माझे मामा तिथेच नोकरीत म्हातारे झाले, पण परत यायचं हे त्यांच्या मनात पहिल्यापासून पक्कं होतं.

तळटीप
तुम्ही दोघंही जागा आणि पगार मोजताय. तिथे माणसं मोजणं हाच राजकारणाचा विषय आहे. पंथानुसार मोजणी झाली ती १९४१ च्या पहिल्या जनगणनेत, तेव्हा शिया सुमारे ५३ टक्के होते. त्यानंतर तो रकानाच आला नाही. १७८३ पासून सत्तेवर असलेलं अल खलिफा घराणं सुन्नी, आणि नागरिकांत शिया अधिक असल्याचं सर्वसाधारणपणे मानलं जातं. शियांतही मूळचे अरब बहारना वेगळे, इराणी वंशाचे अजम वेगळे. सुन्नींत अरब टोळ्यांची घराणी, आणि इराणच्या किनाऱ्यावरून परतलेले हुवला.

१९६३ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्वासाठी अरबाला १५ वर्षं आणि इतरांना २५ वर्षं वास्तव्य लागतं, पण राज्यकर्ता अपवाद करू शकतो. सारी चीड त्या अपवादाची आहे. सुरक्षा दलांत भरती केलेल्या सीरिया, जॉर्डन, येमेन, पाकिस्तानच्या सुन्नींना नागरिकत्व देऊन तोल बदलला जातोय, असा विरोधकांचा आरोप आहे. उलट कित्येक अजम घराणी पिढ्यानपिढ्या राहूनही २००१ च्या सुमारापर्यंत बिनकागदाची होती. २०१२ मध्ये ३१ जणांचं नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतलं गेलं. अशा ठिकाणी "आणखी काही लोकांना कायम करू" म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: कोणत्या पंथाचे?

दर्यावर्दी
तळटीप, म्हणूनच मी नागरिकत्व बाजूला ठेवलं. निवासाने मतदारयादी बदलत नाही. आणि "मूळचे कोण" हे ठरवायला कोणतं साल धरायचं? तेल १९३२ मध्ये सापडलं. त्याआधी तिथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात होते. बहरीनमध्ये १९६५ पर्यंत रुपया चालला. मनामातल्या श्रीनाथजी मंदिराला दोनशे वर्षं होऊन गेली, ते सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या व्यापाऱ्यांचं. अजम आणि हुवलाही खाडीपलीकडूनच आले. त्या बेटावर सरमिसळ जुनी आहे.

अबोली
चार पेढ्यांचे व्यापारी आणि आठ लाखांच्या घरातले परदेशी, यांची तुलना होत नाही. आणि हक्काचीच गोष्ट काढलीत तर आधी रांगेत कोण आहे ते बघा. बहरीनी बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं तर तिच्या मुलांना आईचं नागरिकत्व मिळत नाही. त्या मातीत जन्मलेली, तिथल्याच आईची मुलं परवान्यावर जगतात. त्यांचा प्रश्न सुटायच्या आत आपण आपल्या माणसांसाठी हक्क मागणं मला पटत नाही.

खारवा
एक व्यवहाराची बाजू. २०१७ मध्ये फ्लेक्सी परमिट आलं होतं. कामगाराने स्वतःच फी भरायची, मालकाची गरज नाही. स्थानिक छोट्या व्यापाऱ्यांनी ओरड केली की हे लोक आमच्या पोटावर येतात, आणि २०२२ मध्ये ते बंद झालं. नुसत्या परवान्याला इतका विरोध, तर कायम निवास कोण देईल? त्यापेक्षा मार्च २०२४ पासूनचा बदल मला मोलाचा वाटतो: परदेशी कामगाराच्या ग्रॅच्युइटीची रक्कम मालकाने दरमहा सामाजिक विमा संस्थेत भरायची. पूर्वी ती मालकाच्या मर्जीवर अडकायची. परत येणाऱ्याच्या हातात पैसे असले तर निम्मं दुःख हलकं होतं.

दर्यावर्दी
खारवा, ते चांगलंच झालं, पण ज्याचं घर, मित्र, डॉक्टर सगळं मनामात आहे त्याला पैसे देऊन परत पाठवणं हे उत्तर नाही. अबोलीताई, आईच्या नागरिकत्वाचा मुद्दा मला पूर्ण मान्य, तो आधी सुटावा. त्यानंतर तरी वीस वर्षं सलग नोंदणीकृत नोकरी आणि गुन्हा नाही, एवढ्यावर निवास मिळावा. पगाराची अट नको.

अबोली
वीस वर्षांची अट ठेवलीत तर एकोणिसाव्या वर्षी मालक करार संपवतील. हक्क कागदावर राहील आणि माणूस एक वर्ष आधीच घरी येईल. याचं उत्तर असेल तर सांगा, मग पुढे बोलू.