थंड सकाळी ऑटोमॅटिक गाडी गचके देते, मदत हवी आहे

पहाटवारा:
नमस्कार मंडळी. पंधरा दिवस झाले, काही सुचेनासं झालंय. सकाळी गाडी चालू करून डी मध्ये टाकली की एक-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन धक्का बसतो. पुढे दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना परत गचका. दहा-बारा मिनिटं चालली की एकदम सुरळीत. दुपारी तर काहीच नाही.
मागच्या सीटवर बाबा असतात. मणक्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून तीनदा सकाळी सातला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. प्रत्येक गचक्याला आरशात त्यांचा चेहरा बघवत नाही. गॅरेजवाल्याला दुपारी दाखवली तर म्हणाला, गाडी ओके आहे. गिअरबॉक्स उघडायला लागेल का, एवढंच सांगा. परवा परत जायचंय.

पानापकड:
कुठला गिअरबॉक्स? टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, ड्युअल क्लच की एएमटी? चौघांची दुखणी वेगळी. रनिंग किती? गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं?

पहाटवारा:
ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, क्लचचं पेडल नाही. पी, आर, एन, डी असं आहे. ९२ हजार झालेत.

निळीशाई:
रागावू नका, पण ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे जाते, ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात. सीव्हीटीत खरे गिअर नसतातच, पट्टा आणि पुली असते. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, एकदा बघा.

चौथागिअर:
एवढं खोलात कशाला? थंडीत गाडी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा, मग काढा. मी गेली वीस वर्षं हेच करतो.

पानापकड:
नाही पटलं. उभ्या गाडीत इंजिन तापतं, गिअरबॉक्सचं ऑइल फार सावकाश तापतं. ते खरं तापतं चालवल्यावर. अर्धा-एक मिनिट थांबावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवावा. मात्र एक गोष्ट नक्की पाळा: थंड इंजिन चालू होताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) १२००-१५०० ला असतो. तेव्हाच डी टाकलं की धक्का बसणारच. काटा खाली येऊ द्या, ब्रेक दाबून ठेवा, मग डी टाका.

चौथागिअर:
वीस वर्षांत माझा एकही गिअरबॉक्स गेला नाही. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

घाटवळण:
इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) बघा आधी! माझ्या गाडीत हेच होतं. रबर थंडीत कडक होतं, डी टाकलं की सगळं इंजिन उडी मारतं. बॉनेट उघडून एकाला बघायला सांगा, ब्रेक दाबून डी-आर-डी करा. इंजिन जास्त हललं तर फाउंडेशन गेलं.

निळीशाई:
फाउंडेशनमुळे धक्का बसेल, पण डी टाकल्यावर दोन सेकंद शांतता कशी येईल? आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला गचका? तो उशीर महत्त्वाचा वाटतो मला.

मंदवारा:
डिझेल असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) तपासा. थंडीत स्टार्टिंगला त्रास होतो त्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. बॅटरीचं पाणीही बघा.

पहाटवारा:
स्टार्टिंगचा त्रासच नाही हो, पहिल्या सेल्फला चालू होते. पेट्रोल आहे.
पुस्तक बघितलं. सहा गिअर, टॉर्क कन्व्हर्टर. काटा खाली आल्यावर डी टाकून पाहिलं, धक्का कमी झाला पण उशीर तसाच. ऑइल नवीनच आहे, दीड महिन्यापूर्वी बदललं, त्यामुळे तो प्रश्न नाही.

पानापकड:
अहो, हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं! दीड महिन्यापूर्वी ऑइल बदललं आणि पंधरा दिवसांपासून त्रास. थंडी कधी वाढली?

पहाटवारा:
तेव्हाच, पंधरा दिवसांपूर्वी. आधी उन्हाचे दिवस होते. नवीन ऑइलमुळे कसा काय बिघाड होईल?

सावली_२:
म्हणूनच मी म्हणते, ९० हजारांनंतर गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नये. जुना गाळच क्लच धरून ठेवतो. बदललं की गिअरबॉक्स संपला.

पानापकड:
ताई, जळक्या वासाचं काळं ऑइल झालेला गिअरबॉक्स आधीच गेलेला असतो, बोल मात्र नव्या ऑइलला लागतो. इथे तसं वाटत नाही, गरम झाल्यावर गाडी व्यवस्थित चालतेय.
पहाटवारा, ऑइलची लेव्हल कशी तपासली ते गॅरेजला विचारा. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसते. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, आणि ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना लेव्हलचा प्लग उघडायचा. बऱ्याच गिअरबॉक्सना हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं, तुमचं पुस्तकात बघा. ऑइल बारीक धारेतून थेंबांवर आलं की लेव्हल बरोबर. तापलेल्या ऑइलवर प्लग उघडला तर फुगलेलं ऑइल जास्तीचं बाहेर जातं. मग थंडीत ते आकसलं की पंपाला पुरत नाही, तो हवा ओढतो, गिअरबॉक्सच्या आतल्या, ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचला दाब मिळायला वेळ लागतो आणि मग तो एकदम पकडतो. तुमचा तो दोन सेकंदांचा उशीर असाच दिसतो.

निळीशाई:
+१. आणि कुठलं ऑइल घातलं तेही विचारा. डेक्सरॉन-६ सारखी नवी ऑइलं जुन्यांपेक्षा पातळ असतात. पातळ मागणाऱ्या गिअरबॉक्सात जाड घातलं तर थंडीत व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांतून ते सावकाश जातं.

चौथागिअर:
मॅन्युअल घेतली असती तर यातलं काहीच झालं नसतं. गिअर हाताने, क्लच पायाने, मामला साफ.

घाटवळण:
आणि मणक्याच्या पेशंटला तुमच्या क्लचचे हिसके चालले असते का? फाउंडेशन तपासून घ्या, मी अजून तेच म्हणतोय.

पहाटवारा:
गॅरेजला फोन केला. ट्रायल मारून आल्या आल्या लेव्हल चेक केली म्हणे. म्हणजे गरमच. दुसऱ्या गॅरेजला बोललोय, रात्री गाडी तिथेच ठेवणार, सकाळी थंडच असताना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावतील.

पानापकड:
अगदी बरोबर. डॅशबोर्डवर दिवा लागत नसला तरी बिघाडाचा कोड साठलेला असू शकतो. पी-०७११ आला तर ऑइलचं तापमान सांगणारा सेन्सर बघा, तो चुकीचं सांगत असेल तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर दाबही चुकीचा ठरवतो.

पहाटवारा:
आजचं सांगतो. स्कॅनरवर ऑइलचं तापमान सकाळी ९ अंश, कोड एकही नाही. ४० अंशांना प्लग उघडला, थेंबही आला नाही. मी वाकून बघत होतो, भोकाच्या कडा कोरड्या होत्या. पाऊण लिटरच्या वर ऑइल गेलं तेव्हा कुठे थेंब पडायला लागले. फाउंडेशनही बघितलं, ठीक आहे.
नंतर दोन सकाळी चालवली. डी टाकलं की लगेच पकडते, तो उशीर गेला. बाबांनी आज वाटेत एकदाही दांडी धरली नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्यातला गचका निम्माच गेलाय. गिअरबॉक्स खराब झाला का?

पानापकड:
लगेच घाबरू नका. ऑइल कमी असताना कॉम्प्युटरने त्या हिशोबाने दाब शिकून घेतलेला असतो. हलक्या पायाने काही दिवस चालवा, नाहीतर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन रिसेट करून घ्या. पण त्याआधी ऑइल कुठलं आहे ते कळू द्या. बिलावर काय लिहिलंय?

पहाटवारा:
बिलावर नुसतं 'एटीएफ', म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, एवढंच. पहिल्या गॅरेजकडून रिकाम्या डब्याचा फोटो मागवलाय. या नव्या गॅरेजने पुस्तकात लिहिलेलंच घातलंय, ते मी समोर उभं राहून वाचून घेतलं.

निळीशाई:
डब्यावरचं वेगळं निघालं तर एकदा काढून-भरून भागणार नाही. ऑइल काढायच्या प्लगमधून निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं बहुतेक कन्व्हर्टरमध्ये राहतं. मध्ये थोडं चालवून दोन-तीनदा करावं लागेल.

सावली_२:
आणि दरवेळी लेव्हल ४० अंशांनाच. एवढं तरी मला या धाग्यात कळलं.