मदत हवी आहे: चिंचेच्या झाडाचा फोटो आणि एक शंका
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, आता सिडनीत. लेक इथल्या इस्लामी शाळेत सहावीला आहे. नायडॉक वीकच्या (इथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा आठवडा) निमित्ताने तिला अबोरिजिनल लोक, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, आणि मुसलमान यांच्या जुन्या नात्यावर तक्ता करायचाय. मकासरचे (आताच्या इंडोनेशियातलं बंदर) मुसलमान खलाशी सी ककंबर (एक खाण्याजोगा समुद्री जीव) गोळा करायला होड्यांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडला यायचे, थेट 1907 पर्यंत. त्यांच्या तळांवर चिंचेची झाडं अजून आहेत, आणि तिथले अबोरिजिनल योल्ङू लोक पैशाला 'रुपिया' म्हणतात! लेक तर उडालीच.

त्या भागातल्या डार्विन शहराकडचं कुणी आहे का इथे? त्या चिंचेचा स्वतः काढलेला फोटो मिळेल? आणि योल्ङू चित्रं तक्त्यावर तशीच उतरवणं मला पटत नाही. परवानगी कुणाकडे मागतात? सोमवारी द्यायचंय हो.