शब्दचर्चा: ‘सर्वानुमते’ म्हणजे नक्की किती जणांच्या मते?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी अडलो आहे. १५ ऑगस्टला आमच्या गावची ग्रामसभा झाली. (यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव राहू द्या.) माझं अक्षर बरं म्हणून ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. विषय होता ई-क्लासच्या (म्हणजे गावच्या चराईच्या सरकारी) जमिनीतला एक तुकडा गोदामासाठी द्यायला ना हरकत देण्याचा. ठराव वाचून झाला, सूचक उभे राहिले, अनुमोदकांनी बसल्याबसल्याच बोट वर केलं. तेवढ्यात बायांमधून एक आजी बोलल्या, “मले नाई पटत. माह्या बकऱ्या कुठं चारू मंग?” चार लोक हसले. सरपंच म्हणाले, “बस माय, पाहू आपण,” आणि पुढचा विषय निघाला. मी पेन धरून थांबलेलो. ग्रामसेवक कानाशी म्हणाले, “लिहा, सर्वानुमते मंजूर.”

लिहिलं. पण घरी आल्यावर झोप लागेना. आजी ‘सर्व’मध्ये येतात की नाही? दुसऱ्या दिवशी मागची पानं चाळली, तर चार वर्षांतला एकूणएक ठराव सर्वानुमते. ज्या गावात दोन सख्ख्या भावांचं धुऱ्यावरून पटत नाही, त्या गावात!

तर प्रश्न असा: एकमताने, सर्वानुमते, सर्वसहमतीने, बहुमताने, बिनविरोध. हे शब्द आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो. त्यांत फरक आहे का?

जुने मास्तर

फरक आहे, आणि बराच आहे. ‘एकमत’ म्हणजे सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट. ‘सर्वानुमते’मध्ये ‘मत’ नाही, ‘अनुमत’ आहे. अनुमती म्हणजे होकार, परवानगी. मला स्वतःला गोदाम नको असेल, तरी “होऊ द्या, मी आडवा येत नाही” असं म्हटलं की माझी अनुमती झाली. मन वेगळं आणि अनुमती वेगळी. सासरेबुवांच्या अनुमतीने सून माहेरी जाते, याचा अर्थ सासऱ्यांना ते आवडलं असा होत नाही.

‘बिनविरोध’ त्याहून खालच्या पायरीवर. त्यात होकारही नाही, फक्त नकार नाही. एकच अर्ज आला, दुसऱ्या कोणी भरला नाही किंवा भरलेला मागे घेतला, झाला बिनविरोध. का मागे घेतला हे तो शब्द सांगत नाही. तुमचं ‘ना हरकत’ही याच घरातलं. गंमत बघा, हिंदीत हरकत म्हणजे चाळा, वागणूक. आपल्याकडे हरकत म्हणजे आक्षेप. सरकारी मराठीचा निम्मा कारभार असा ‘ना’ आणि ‘बिन’वर चालतो.

तुमच्या आजींनी आक्षेप घेतला होता. म्हणजे तो ठराव ना एकमताने, ना सर्वानुमते. शुद्ध मराठीत तो झालाच असेल तर बहुमताने. पण हात मोजले होते का?

कोरडवाहू

नाही गुरुजी. हात कोणी वर करा म्हटलंच नाही.

बेसनभात

मग तो ‘सरपंचानुमते’ मंजूर झाला 😄

आडवी बाटली

मी चंद्रपूरकडची. ‘बहुमत’ हा शब्दसुद्धा वाटतो तेवढा सरळ नाही, हे आम्हा बायांना दारूच्या दुकानाच्या मतदानात कळलं. माझ्या नावाचा अर्थ बाहेरच्यांना सांगते. गावातलं दुकान बंद करायचं असेल तर आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांची मागणी लागते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं. दुकान बंद व्हावं असं वाटत असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू राहावं असं वाटत असेल तर उभ्या बाटलीवर. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलासुद्धा समजावून सांगावं लागत नाही.

आता मेख ऐका. समजा यादीत ४०० बाया आहेत. मतदानाला २४० आल्या. १९० जणींनी बाटली आडवी केली, ५० जणींनी उभी. कोणीही म्हणेल, जिंकलो. पण दुकान चालूच राहतं! कारण निम्म्याहून जास्त हवीत ती एकूण यादीतल्या महिलांच्या, म्हणजे २०१. जी घरी राहिली, जी निंदणाला गेली, जी नांदायला परगावी गेली पण यादीतून नाव कमी झालं नाही, त्या सगळ्यांची बाटली उभी धरली जाते. मत न देताही त्यांचं मत पडतं.

आणि खासदार? रिंगणात सहा तगडे उमेदवार असले तर ३५ टक्क्यांवरही निवडून येतो. पेपरात बातमी येते, ‘प्रचंड मतांनी विजयी’. ते बहुमत नव्हे, सर्वाधिक मतं. फ्रान्सात राष्ट्राध्यक्ष निवडताना पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याच्या वर मतं पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी दुसरी फेरी घेतात. म्हणजे तिथे ‘बहुमत’ शब्दाला जागतात. आपल्याकडे खासदाराला एक माप आणि दारूच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या बायांना दुसरं. मला याचा राग आहे, लपवत नाही.

अचलपूरकर

थोडं अवांतर. मुळात ‘लोकशाही’ शब्दच बघा की. ‘शाही’ फारसी, म्हणजे राजाचं ते. आमच्या अचलपूरला इमादशाही होती, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. त्याच साच्यात आपण ‘लोक’ ओतले. गुजरातीतही लोकशाहीच म्हणतात, हिंदीत लोकतंत्र, बंगालीत गणतंत्र. नेपाळात तर १९९० च्या आंदोलनात ‘प्रजातंत्र’ म्हणत, आणि २००६ ला राजाविरुद्ध उठले तेव्हा ‘लोकतंत्र’ म्हणू लागले, कारण प्रजा म्हटली की समोर राजा आलाच. आपण मात्र २६ जानेवारीला अजून ‘प्रजासत्ताक’ दिन म्हणतो. संविधानाच्या उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ आहे.

आणि ‘गण’ म्हणाल तर आमच्याकडे गण म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ. “कोणत्या गणातून उभा आहे?” असं विचारतात, शिवाच्या गणांचा संबंध नाही. (कधीकधी असतो.)

जुने मास्तर

अचलपूरकर, छान आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा. इथे आजींच्या बकऱ्या उपाशी आहेत.

पळस

मी धानोरा तालुक्यातला, गडचिरोली. ‘सर्वसहमती’बद्दल लिहितो, कारण आमच्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने हा शब्द खरोखर वापरून दाखवला. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा बहुतेकांनी ऐकली असेल. तिथली पद्धत अशी की निर्णय बहुमताने घ्यायचा नाही. एकाला जरी पटलं नाही तरी विषय थांबतो. पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. अवघड विषय असेल तर आधी अभ्यास गटात माहिती काढायची, जाणकाराला बोलवायचं, आणि निर्णय ग्रामसभेने घ्यायचा. २००९ ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ही कामं घाईने शिक्का मारून झालेली नाहीत.

म्हणून ‘सर्वानुमते’ आणि ‘सर्वसहमतीने’ हा फरक मी वेळेचा मानतो. पहिला शब्द रजिस्टरमध्ये अर्ध्या मिनिटात लिहिता येतो. दुसऱ्याला महिने लागू शकतात.

दर्यापुरी

पळसभाऊ, मेंढ्याबद्दल आदर आहे, पण एकाच्या नकाराने सगळं अडणं फार धोक्याचं. पोलंडच्या संसदेत हाच नियम होता. कोणीही एक सदस्य उठून “मी परवानगी देत नाही” म्हणाला की संपलं. १६५२ साली अधिवेशन लांबवायला एकाने नकार दिला आणि ते मोडलं. पुढे शेजारच्या राजांना कळलं की संपूर्ण पोलंड जिंकायची गरज नाही, एक सदस्य फोडला तरी भागतं. ३ मे १७९१ च्या संविधानाने नियम रद्द केला, पण उशीर झाला होता. १७९५ ला देशच नकाशावरून गेला.

आमच्या गावात सर्वसहमती आणली तर पहिल्याच सभेत एक जण नळयोजना अडवून बसेल, आणि तो कोण हे मी आत्ताच सांगू शकतो.

पळस

खरं आहे. पण पोलंडचे सदस्य घोड्यावर बसून आपापल्या जहागिरीला परत जात. मेंढ्यात अडवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. विनाकारण अडवणं तिथे महाग पडतं. दोन-पाचशे लोकांत जे जमतं ते देशाला जमणार नाही, हे मलाही मान्य आहे. तुमच्या दर्यापुरात जमेल असंही म्हणत नाही.

शलाका

नागपूरहून. माझं नाव इथे कामाला येईल. बौद्ध संघात मतं मोजायची वेळ आली की लाकडाच्या कांड्या वाटत, त्यांना शलाका म्हणत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात हेच सांगितलं होतं की संघाला ठराव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं माहीत होतं.

पण ‘सर्वानुमते’साठी मला संघातली दुसरी रीत जास्त महत्त्वाची वाटते. मोठ्या कामांत विषय मांडायचा आणि मग तीनदा जाहीर करायचं: ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावं. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही तरच संघाची संमती. म्हणजे मौनाला संमती धरायची, पण मौन पाळणाऱ्याला बोलायची संधी तीनदा दिल्यावर. आपण ‘मौनं संमतिलक्षणम्’ तेवढं घेतलं आणि विचारणं सोडून दिलं. कोरडवाहूंच्या गावात तर उलटंच झालं. न विचारता बाई बोलली, तरी तिचं मौन धरलं.

बेसनभात

शलाकाताई, कडक 🙏

बाकी ‘बिनविरोध’बद्दल एक राहिलं. २०२१ च्या सुरुवातीला नाशिकचं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती, सरपंचपदाचा लिलाव झाल्यामुळे. लिलाव झाल्यावर बिनविरोधच होणार की. बोली संपली की विरोध संपला. कापूस मार्केटसारखं.

स्विस घड्याळ

मूळ हिंगणघाटची, आता झ्युरिकला. तुम्हाला वाटेल तिकडे सगळं मोजूनमापून असेल. ग्लारुस नावाच्या परगण्यात वर्षातून एकदा हजारो लोक चौकात जमतात आणि कायद्यांवर मतपत्रिका उंचावून मत देतात. मोजत नाहीत! अध्यक्ष मंचावरून नजरेने अंदाज घेतो, कोणती बाजू जास्त. त्याचा शब्द अखेरचा. पण विरोधाची मतपत्रिका वर करा असंही प्रत्येक वेळी विचारतात, आणि लोक ती बिनधास्त वर करतात.

फार हुरळून जाऊ नका. तिकडच्याच आपेंझेलच्या एका परगण्यात बायांना या सभेत मत नव्हतं. १९९० ला कोर्टाने द्यायला लावलं. तोवर तिथले ठराव ‘सर्वानुमते’ झाले असते तरी ते कोणत्या ‘सर्व’च्या अनुमते?

जुने मास्तर

उत्तम. कोरडवाहू, तुम्हाला पाहिजे ते आता हाताशी आहे असं वाटतं. विचारून कोणीच नाही म्हणालं नाही तर सर्वानुमते. विचारून काहींनी नाही म्हटलं तर बहुमताने, आणि पुढे आकडे. सगळ्यांना मनापासून पटलं असेल तर एकमताने. हा शब्द मी तरी आयुष्यात दोन-तीनदाच लिहीन. विचारलंच नसेल, तर त्यासाठी मराठीत मान्य शब्द नाही.

कोरडवाहू

मंडळी, आभार. पुढचं सांगतो.

२ ऑक्टोबरची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते लागतं, आमचे आले चाळीस. सोयाबीन काढणीचे दिवस, कोण येईल. तहकूब सभा नंतर भरली, तिला गणपूर्ती लागत नाही. मी रजिस्टर घेऊन बसलो आणि सरपंचांना म्हटलं, भाऊ, गोदामाचा ठराव परत वाचा आणि एकदा हात वर करायला सांगा, मला लिहायला सोपं जाईल. ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले, पण वाचला. बाजूने २६ हात, विरोधात ७. आजींचा हात पहिला, आणि त्यांच्यामागे सहा, ज्यांतले चौघे मागच्या वेळी हसले होते.

ठराव मंजूरच झाला. आजींच्या बकऱ्यांचा प्रश्न जसा होता तसाच आहे, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल जिंकलो.

‘बहुमताने, बाजूने २६, विरोधात ७’ असं लिहून मी रजिस्टर मिटत होतो, तर आजी काठी टेकत टेबलाशी आल्या. “माह्यं नाव लिवलं का?” मी म्हटलं, आजी, नाव सूचक आणि अनुमोदकाचंच लिहितात, विरोध करणाऱ्यांसाठी रकाना नाही. त्या म्हणाल्या, “मंग पाड न बाप्पा, रेघच तं ओढाची हाय.”

रेघ ओढली. वर मथळा काय द्यावा? ‘विरोधक’ लिहिलं तर पार्टीवाल्यासारखं वाटतं. ‘असहमत’ सुचलं, पण आजींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “थे काय असते?” शेवटी त्यांनीच सांगितलं तसं पेन्सिलने लिहून ठेवलं आहे: ‘नाई म्हणणारे’. शाईने लिहिण्याआधी याहून बरा शब्द सुचला तर सांगा.