कॅनन एस९५ की पॅनासॉनिक एलएक्स५? कासची फुलं + घरगुती वापर, कुठला मागवू?

तेरडा, २६ जुलै २०११

नमस्कार मंडळी, कॅमेऱ्यातलं मला फार कळत नाही हे आधीच सांगून टाकते. घरात एक जुना पॉइंट अँड शूट आहे, चालू केला की कुरकुर करतो आणि दहातल्या तीनदा 'लेन्स एरर' दाखवून मान आत घेतो. दुरुस्तीचा खर्च ऐकून तो नाद सोडला.

आता धाकटा दीर न्यू जर्सीहून गणपतीला येतोय, म्हणजे २८ ऑगस्टपर्यंत इथे पोचेल. त्याला एक कॅमेरा आणायला सांगायचाय. आठ दिवस रिव्ह्यू वाचून वाचून दोनच उरलेत, कॅनन पॉवरशॉट एस९५ आणि पॅनासॉनिक ल्युमिक्स एलएक्स५. दोन्ही १० मेगापिक्सेल, दोन्हीत रॉ (कच्चा फोटो, घरी कॉम्प्युटरवर सुधारता येतो), दोन्हीत लेन्स एफ २ पासून सुरू (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). तिकडे एस९५ ४०० डॉलरचा आणि एलएक्स५ ५०० चा आहे, म्हणजे आजच्या भावाने साडेचार हजाराचा फरक, तो मोजायची तयारी आहे पण कशासाठी मोजतेय ते तरी कळू दे.

वापर असा: माहेर साताऱ्याचं, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात बाबांबरोबर दोन-तीनदा तरी कासला जाणं होतं. बाबा ६८ वर्षांचे, रिटायर्ड शिक्षक, फुलांची नावं त्यांना पाठ आणि फोटो काढायचं काम माझं. शिवाय भाच्याचं बारसं, गणपती, थोडंफार व्हिडिओ. डीएसएलआर (लेन्स बदलायचा मोठा कॅमेरा) नकोय. पुन्हा लिहिते, डीएसएलआर नकोय :)

आणि एक बावळट प्रश्न, आमच्या गल्लीच्या टोकाच्या दुकानात १४ मेगापिक्सेलवाला आठ हजारात मिळतोय, मग हे १० वाले महाग का?

गडवेडा, २६ जुलै २०११

बावळट नाही प्रश्न, उलट सगळ्यांनी विचारायला हवा तो. सेन्सर नखाएवढा असतो, त्यावर जितके जास्त पिक्सेल कोंबाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी, की संध्याकाळच्या फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके. कॅननने स्वतः २००८ ला जी१० मध्ये १४.७ दिले आणि पुढच्याच वर्षी जी११ मध्ये १० वर परत आले, यातच काय ते समजा. तुमच्या यादीतल्या दोघांचा सेन्सर दुकानातल्या त्या १४ वाल्यापेक्षा मोठा असणार, पैसे त्याचे आणि लेन्सचे.

मी एलएक्स५ वाला आहे, तेव्हा थोडं मीठ लावूनच वाचा. मला हा घ्यावासा वाटला तो २४ एमएम साठी (हा आकडा जितका लहान तितकं रुंद दृश्य मावतं). एस९५ २८ पासून सुरू होतो. कागदावर चारच आकडे दिसतात पण कोकणकड्यावर उभं राहिलं की कळतं, २८ मध्ये कड्याची एक बाजू कापली जाते आणि मागे सरकायला जागा नसते (पुढे तर नसतेच). हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून लिंग आणि तो एकटा शाबूत राहिलेला खांब एका फ्रेममध्ये घेतलाय, ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही.

दुसरं म्हणजे झूम. दोघंही एफ २ ने सुरू होतात हे खरं पण झूम केल्यावर एस९५ ४.९ वर जाऊन बसतो आणि एलएक्स५ ३.३ वरच थांबतो. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त उजेड. बारशाला हॉलमध्ये लांबून फोटो काढताना एकाला आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवली की ठिपके वाढतात) ४०० पुरेल तिथे दुसऱ्याला ८०० लागेल. एस९५ चा झूम १०५ पर्यंत जातो, याचा ९० लाच संपतो, तेवढं एक आहे.

बोरीबंदर, २७ जुलै २०११

गडवेडा, सगळं बरोबर पण तो कॅमेरा तुम्ही खिशात घालून दाखवा बघू. एलएक्स५ २७१ ग्रॅम आणि लेन्स पुढे आलेली, एकूण जाडी ४३ मिलीमीटर. माझा एस९५ १९५ ग्रॅमच्या आसपास, ३० मिलीमीटर, शर्टाच्या खिशात जातो आणि मी तो लोकलमध्ये रोज घेऊन फिरतो. घरी कपाटात ठेवलेला एफ ३.३ काय कामाचा.

शिवाय एलएक्स५ ला झाकण आहे. २०११ साली, दोरीला बांधलेलं झाकण! चालू केला की आधी सांगतो झाकण काढा. एस९५ चं झाकण आपोआप उघडतं. आणि पुढची ती रिंग, लेन्सभोवती टकटक फिरते, तिला हवं ते काम नेमून द्या, मी आयएसओ ठेवलाय. हिची सवय लागली की दुसरा कॅमेरा नको वाटतो.

उणिवा मात्र दोन सांगतो. बॅटरी, कंपनीच २०० फोटो म्हणते, एलएक्स५ ला ४००. दुसरी घ्यावीच लागेल. आणि व्हिडिओ चालू असताना झूम होत नाही, फोकसही सुरुवातीला जिथे लागला तिथेच राहतो, भाचा रांगत जवळ आला की धूसर. अंगाने गुळगुळीतही आहे, मनगटात दोरी अडकवल्याशिवाय मी दारात उभा राहत नाही.

काळा_चहा, २७ जुलै २०११

एवढ्या पैशात थोडी भर घातली तर निकॉनचा डीएसएलआर डी३१०० येईल, सोबतच्या किट लेन्ससकट. विचार करा.

तेरडा, २७ जुलै २०११

@काळा_चहा, वाट बघत होते कोण पहिलं बोलतंय त्याची :) लेन्ससकट पाऊण किलोच्या वर आहे हो तो, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाबांची पिशवी, गळ्यात काय काय अडकवू?

बाकी दोघांनी छान सांगितलंत पण आता जास्तच गोंधळले. फुलांचं कोणी बोललंच नाही. एलएक्स५ १ सेंटिमीटरवरून मॅक्रो (अगदी जवळून फोटो) काढतो आणि एस९५ ५ वरून, याचा खरंच एवढा फरक पडतो का?

रानजाई, २८ जुलै २०११

फुलांवर मी बोलते, दर वर्षी कासला गुडघे फोडून घेणाऱ्यांतली आहे.

१ सेंटिमीटर वाचून हुरळू नका आधी. ते अंतर फक्त पूर्ण वाइडला, म्हणजे २४ वर. तेवढं जवळ गेलात की लेन्सची सावली फुलावर पडते, माशी उडते आणि वाऱ्याने फूल हललं की लेन्सला लागतं. झूम करून काढायचं म्हटलं तर दोघांनाही ३० सेंटिमीटर लांब राहावं लागतं, तिथे दोघं सारखेच. म्हणजे सोनकी, कारवी, तेरडा असल्या जरा मोठ्या फुलांना कुठलाही चालेल.

फरक पडतो तो बारक्यांना. सीतेची आसवं, दवबिंदू (किडे पकडणारं रोप). दवबिंदूच्या पानावरचे ते चिकट थेंब, ज्यात किडा अडकतो, ते ५ सेंटिमीटरवरून काढले तर फोटोत 'काहीतरी लाल लाल' एवढंच दिसतं. एलएक्स५ ने फ्रेम भरते. ढगाळ दिवशी जा, मग सावलीचा प्रश्नच नाही, आणि कासला त्या दिवसांत ऊन असतं कुठे. लेन्सच्या नळीवरच मॅक्रोचं बटण आहे, खाली-वर सरकवायचं, मेनूत शिरायला नको, ओल्या बोटांनी ते फार बरं पडतं.

छोट्या सेन्सरचा इथे उलट फायदाच होतो, फुलाचा पुढचा-मागचा भाग दोन्ही बऱ्यापैकी शार्प येतात. डीएसएलआरवाले मॅक्रो लेन्स लावून एफ ११-१६ ला जाऊन धडपडत असतात, त्यांच्याकडे बघून गालात हसता येतं (काळा_चहा, गंमतीत घ्या).

निळ्या-जांभळ्याची एक गंमत सांगायची राहिली. सीतेची आसवं डोळ्याला जांभळट दिसतात आणि फोटोत बऱ्याचदा सरळ निळी होऊन बसतात, कॅमेरा कुठलाही असो. रॉमध्ये काढा, घरी रंग नीट करता येतो.

आणि कृपा करून फोटोसाठी वाटेवरून आत शिरू नका. एक आडवं पडून फोटो काढणारा शंभर रोपं चिरडतो आणि वर फेसबुकवर 'निसर्ग वाचवा' लिहितो. वाटेच्या कडेलाच इतकं असतं की आत जायची गरज नाही.

बोरीबंदर, २८ जुलै २०११

रानजाईंनी माझी बाजूच पाडली. ठीक आहे, फुलंच मुख्य असतील तर मी भांडत नाही. पण मागवायच्या आधी दोन्ही एकदा हातात घेऊन बघा, पुण्यात कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतील, बिनधास्त काढायला लावा. मुंबईला येणार असाल तर कॅमेऱ्यांच्या दुकानांचा बोरा बाजार आहेच, मात्र तिथे बिल आणि वॉरंटी कार्ड असलेला भाव वेगळा आणि नसलेला वेगळा, कुठला सांगतायत ते आधी विचारायचं.

अमेरिकेतून आणणार तर त्या कॅमेऱ्याची वॉरंटी भारतात चालते का हे कंपनीला ईमेल करून लेखी घ्या, दुकानदाराच्या 'चालेल हो' वर जाऊ नका. चार्जर दोघांचे २४० व्होल्टवर चालतात, फक्त पिना चपट्या असतात, दहा-वीस रुपयांचा अडॅप्टर लागेल.

गडवेडा, २८ जुलै २०११

पावसाचं सांगायचं राहिलं. दोघांपैकी एकही पाण्याला तोंड देणारा नाही. झिपलॉकची पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या, आणि घरी आल्यावर लगेच डब्यात कोंडू नका, पंख्याखाली ठेवा तासभर. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड लेन्सच्या फटीत जाते. (कसं कळलं विचारू नका.)

तेरडा, ४ ऑक्टोबर २०११

उशिरा का होईना पण कळवते, नाहीतर तुम्ही म्हणाल काम झाल्यावर बाई गायब.

मी मनात एस९५ पक्का केला होता, खरं सांगते. पर्समध्ये मावतो, स्वस्त पडतो. बोरीबंदर यांचं ऐकून बाबांना घेऊन दुकानात गेले. बाबांचा हात हल्ली थोडा थरथरतो, एस९५ त्यांच्या हातात दोनदा सटकला, दोरी होती म्हणून वाचला, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. एलएक्स५ ला पुढे बोटं अडकवायला छोटासा उंचवटा आहे, तो त्यांनी नीट धरला. आणि ज्या झाकणाला तुम्ही नावं ठेवलीत ते बघून तर स्वारी खूश, "हं, कॅमेऱ्याला झाकण हवंच", त्यांच्या जुन्या यशिकाला होतं म्हणे. विषय संपला. दिराला त्याच रात्री फोन केला.

कासला सप्टेंबरात दोनदा गेलो. दवबिंदूचे थेंब आले! एका पानावर अडकलेली मुंगीसुद्धा दिसतेय. वाटेवरूनच काढलाय रानजाई, छत्री बाबांनी धरली होती. दुसऱ्या खेपेला मात्र कॅमेरा त्यांनी घेतला आणि छत्री माझ्याकडे आली, ती आजतागायत.

बारशाचा व्हिडिओही बरा आलाय, झूम करताना मोटरचा आवाज बारीक येतो पण सगळ्या आत्या एकदम बोलत असल्यामुळे कळत नाही.

बोरीबंदर, ४ ऑक्टोबर २०११

अभिनंदन! तेवढ्यात कॅननने एस१०० जाहीर केलाय, २४ पासून १२० पर्यंत, व्हिडिओ १०८० चा. मी वाचलंच नाही असं ठरवलंय. डॉलर पण ४९ च्या पुढे गेलाय, तुम्ही वेळेत सुटलात.

तेरडा, ५ ऑक्टोबर २०११

आम्हीही वाचलं नाही :) बाबांनी सगळं रॉमध्ये काढून ठेवलंय, सोबत आलेलं ते रॉ फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, सिल्कीपिक्स, लॅपटॉपवर टाकलं पण उघडायलाच इतका वेळ घेतं की तेवढ्यात चहा होतो. रानजाई, तुम्ही जांभळा नीट कशात करता?