मदत हवी आहे: स्पायटन डायव्हलचा फिरता रेल्वे पूल, फिरत असतानाचा फोटो कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

कॅमेऱ्यातले जाणकार आणि न्यूयॉर्कच्या आसपास राहणारे, दोघांचीही मदत हवी आहे.

मॅनहॅटनच्या अगदी उत्तर टोकाला हार्लेम नदी हडसनला मिळते. तिथे मुखावरच ॲमट्रॅकचा (अमेरिकेतली लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे) एक जुना पोलादी पूल आहे, १९०० सालचा. पाण्याच्या इतका जवळ की भरतीला खाली जेमतेम पाच फूट जागा उरते. म्हणजे जरा उंच बोट आली की पुलाला वाट द्यावीच लागते. तो वर उचलला जात नाही. मधला २९० फुटांचा भाग एका खांबावर आडवा फिरतो, जात्याची वरची तळी मधल्या खिळ्यावर फिरते तसा. फिरला की दोन्ही बाजूंना सुमारे शंभर-शंभर फुटांची वाट मोकळी होते.

मी जर्सी सिटीत राहतो. बाबा भुसावळला रेल्वेत पुलांच्या कामावर होते, चौतीस वर्षं. आता गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना या पुलाचा बंद असतानाचा फोटो पाठवला. म्हणाले, "हा तर आपल्याकडचा ओपन वेब गर्डर (जाळीदार लोखंडी सांगाड्याचा पूल) झाला." मग उघडा असतानाचा पाठवला. बराच वेळ बघून म्हणाले, "उघडलाय ते कळतंय. पण फिरतो कशावर, ते दाखव की." तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच बसलंय. त्यांना असा फोटो पाठवायचाय की बघताक्षणी कळावं, हा पूल फिरतोय आणि याच्यावर फिरतोय.

आतापर्यंत केलेले प्रयत्न:

इनवुड हिल पार्कच्या खाजणाकडून पश्चिमेला बघितलं की वर हेन्री हडसन पुलाची मोठी कमान आणि तिच्याखाली लांबवर आपला बुटका पूल, असं दृश्य दिसतं. मागे हडसनपलीकडचे पॅलिसेड्सचे कडे. चित्र म्हणून फार सुरेख, पण पूल आडवा, पातळ रेघेसारखा येतो. संध्याकाळी सूर्य समोर असतो, त्यामुळे नुसती काळी आकृती.

मेट्रो नॉर्थच्या (इथली उपनगरी रेल्वे) स्पायटन डायव्हल स्टेशनच्या फलाटावरून जवळून दिसतो, पण कॅमेरा आणि पूल जवळपास एका पातळीत. फिरताना टोक माझ्याकडे आलं की लांब गेलं, हेही फोटोत समजत नाही. तिथे ट्रायपॉड लावायला मी धजत नाही आणि रुळांच्या जवळ जायचा प्रश्नच नाही, विजेचा तिसरा रूळ आहे.

सर्कल लाइनच्या मॅनहॅटनला पूर्ण फेरी मारणाऱ्या बोटीतूनही गेलो. पूल आमच्यासाठीच उघडला! शेजारून जाताना मधला खांब, त्यावरचं गंजाच्या रंगाचं लोखंड, सगळं हाताच्या अंतरावर आल्यासारखं वाटलं. पण बोट हलती आणि पूल तोवर उघडून स्थिर झालेला. चाळीस फोटो काढले, एकातही फिरणं नाही.

माझ्याकडे साधा डीएसएलआर, १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स आणि ट्रायपॉड आहे. प्रश्न असे: उभं कुठे राहू? पूल कधी उघडणार हे आधी कसं कळेल? आणि फिरणं एका फोटोत कसं पकडायचं? व्हिडिओ हा उपाय मला नकोय. बाबांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचा आहे.

प्रतिसाद १

जागेचं मी सांगते, आम्ही नदीच्या उत्तरेला, ब्राँक्समध्येच राहतो. पॅलिसेड ॲव्हेन्यूवर हाफ मून ओव्हरलुक नावाचा छोटा बगिचा आहे. दर्यावर्दी हेन्री हडसन १६०९ मध्ये ज्या जहाजातून इथे आला त्याचं नाव हाफ मून, त्यावरून. टेकाडावर असल्यामुळे पूल वरून दिसतो, म्हणजे त्याचं वळणं खरोखर कळतं. ऐन उन्हाळ्यात पानं आड येतात. पानं गळल्यावर दृश्य मोकळं होतं, पण तेव्हा बोटी कमी. म्हणून एप्रिल अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या शेवटी जा. सकाळी जा, म्हणजे सूर्य डोळ्यांवर येणार नाही. हेन्री हडसन पुलावर पायी जायची वाट आहे आणि मोह होईल, पण वाहनांनी पूल हादरतो. ट्रायपॉडचा काही उपयोग नाही.

एक खुलासा, कारण बरेच जण फसतात: फलाटावर दिसणाऱ्या मेट्रो नॉर्थच्या गाड्या या पुलावरून जात नाहीत. त्या अलीकडूनच वळून मॅनहॅटनमधल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनला जातात. पूल फक्त ॲमट्रॅकचा. १९९१ पासून ऑल्बनीकडच्या गाड्या यावरून पेन स्टेशनला जायला लागल्या. तेव्हा वेळापत्रक ॲमट्रॅकचं बघा.

प्रतिसाद २

मी हौशी बोटवाला, हडसनवर दहा वर्षं. पूल उघडायचा असेल तर बोट रेडिओवर सांगते किंवा भोंगा देते: एक लांब, एक आखूड. पूल उघडणार असेल तर तिकडूनही तसंच उत्तर येतं. लागोपाठ पाच आखूड भोंगे आले तर समजा, आत्ता उघडता येत नाही, बहुतेक गाडी येतेय. तुमच्यासाठी ही दोन्ही उत्तरं कामाची. पहिल्याला पूल टिपायला तयार व्हा, दुसऱ्याला गाडी. भोंगा ऐकून मग ट्रायपॉड उघडलात तर उशीर होईल, सगळं आधीच मांडून ठेवा.

प्रतिसाद ३

तुमच्या बाबांनी जे मागितलंय, ते लाँग एक्स्पोजरमध्येच मिळेल. कागदावर मांडून बघा. फिरता भाग २९० फूट म्हणजे ८८ मीटर, मधल्या खांबापासून टोकापर्यंत ४४ मीटर. हा पूल साधारण ६५ अंशातून फिरतो, तेवढ्यात टोक जवळजवळ ५० मीटरचा कंस कापतं. आणि नेमका मधला बिंदू? जागेवरच. म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवलंत तर दोन्ही टोकं पुसट होतील, मधे येत येत पूल स्पष्ट होत जाईल आणि खांब तर एकदम रेखीव येईल. तो कशावर फिरतो हे फोटोच सांगेल.

दिवसा एवढं लांब एक्स्पोजर द्यायला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळी काच लागेल, दहा स्टॉपची (उजेड सुमारे हजारपट कमी करणारी). कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ला साधारण १/१०० सेकंद बसतो. काच चढवली की तोच दहा सेकंद होतो. फोकस काच लावायच्या आधी मधल्या खांबावर करा आणि मग लेन्स मॅन्युअलवर टाका. काळ्या काचेतून कॅमेऱ्याला काही दिसत नाही. डीएसएलआर आहे, तर व्ह्यूफाइंडरही झाका, मागून उजेड शिरतो. बटण हाताने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. पूल फिरायला लागल्यावर एकामागोमाग दहा-दहा सेकंदांचे काढत राहा, एक तरी लागेल.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन शनिवारी गेलो. पहिल्या शनिवारी चार तासांत पूल हललाच नाही. दुसऱ्या शनिवारी साडेदहाच्या सुमाराला भोंगा आला, एक लांब, एक आखूड. कॅमेरा सकाळपासून तयार होता. पाच फोटो झाले, तिसरा लागला. दोन्ही टोकं धुरासारखी, मधला खांब दगडासारखा ठाम. पाणी दुधासारखं झालंय आणि थांबलेल्या बोटीचं शीड किंचित हललंय, ते तसंच ठेवलं.

बाबांना मोठा प्रिंट पाठवला. फोनवर आधी पुलाचा इतिहास विचारून घेतला. २०१२ च्या सँडी वादळात याची यंत्रं बिघडली होती आणि २०१८ च्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी गाड्या ग्रँड सेंट्रलला वळवल्या होत्या, हे सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं. "म्हणजे सोडला नाही त्यांनी," असं म्हणाले. मग भिंग मागवून घेतलं आणि खांबावर बोट ठेवून आईला समजावत होते, मला फोनमधून ऐकू येत होतं.

आता त्यांचा पुढचा प्रश्न आलाय: पूल परत बंद झाल्यावर टोकाचे रूळ स्थिर रुळांना कसे जुळतात आणि कुलूप कुठे लागतं. ते जोड कायदेशीर जागेवरून ३०० मिमीच्या लेन्सने दिसतील अशी जागा कोणाला माहीत आहे का? हाफ मूनवरून मोठा करून बघितलं, नीट येत नाही. मॅनहॅटनच्या बाजूने कोणी प्रयत्न केलाय?